धानाचं पान अन् तुळशा भाऊजीचा टीवी

तुळशा भाऊजी कोनाच्या घरी गेला का आंधी पानी मांगत नसे. आंधी टीवीपाशी जाये. बंडीच्या खिशातून धानाचं पान काहाडे, टीवीतल्या हिरव्यावर ठेवे, मान इकडं करे, तिकडं करे, अन् घरच्याइले म्हने, "खोटा हाये." मंग पानी मांगे.

आमच्या घरी नवीन टीवी आला तवाची गोष्ट सांगते. माह्या पोरानं भितीवर टांगला. एवढा मोठा का खाट मांगं सरकवा लागली. माही सून ज्योती हरखून गेली होती. टीवीत कोन्या शेतात गानं चालू होतं अन् धान असं हिरवं होतं, जसा आताच डब्बा फोडून रंग फासला. भाऊजी आला, पान काहाडलं, टीवीले लावलं.

"हे धान कोन्या देशाचं हाये?"

"आबा, एचडी हाये तो," ज्योती म्हने.

"असन. पन असं धान मी जलमात नाही पायलं. पऱ्हे टाकले तं कवळी रोपं पोपटी दिसते. उपटून बांधीत, चिखलात रोवले का रुसून पिवळे पडते, मंग हळूहळू काळपट हिरवे होते. लोंबी आली का हिरव्यात भुरा रंग येते. हे यातलं कोनतं हाये, मले दाखव."

ज्योती काय दाखवन! ते माहेरून भंडारा शहराची, धान बोऱ्यातच पायलेलं. भाऊजीनं तिच्याच हातात रिमोट देल्ला. टीवीतलं इंग्रजी त्याले वाचता येत नाही, तं ज्योती वाचे अन् तो हुकूम सोडे. "हे कमी कर. आनखी कमी. आता थांब, मांगं ये." बातम्या देनारी बाई आली तं म्हने, "हे पोरगी तापात हाये का वं? गाल पाय किती लाल." ज्योतीनं तिचा ताप उतरवला. मंग शार्पनेस म्हनून एक होतं. ते पुरं चढवलेलं होतं. त्यानं काय होये, मानसाभोवती चुन्याची बारीक रेघ वढल्यावानी दिसे. भाऊजी मले म्हने, "वयनी, लुगड्याले काठ असते. मानसाले काठ असते का?"

मी म्हटलं, "मले तं नाही."

"मंग याइले काहून हाये?"

ते बी उतरवलं. भाऊजी घरी गेला अन् ज्योतीनं सारं जसंच्या तसं चढवलं. पन खरं सांगू का, मले भाऊजीनं लावलेला टीवीच आवडे. त्यात मानसं आपल्या वळखीची वाटत. ज्योतीच्या टीवीतले सारे लगनाले निघाल्यावानी.

उन्हाळ्यात धान नसे तं तो वांगं घेऊन फिरे. एकनाथ पोलीस पाटलाच्या घरी एका नटीच्या लुगड्यावर त्यानं वांगं टेकवलं. पाटलाची बायको म्हने, "भाऊजी, भाजी करू का त्याची?" तं म्हने, "करा, पन लुगड्याचा रंग कमी करा." लोकं हासत. भाऊजी नाही हासे. त्याच्यासाठी ते काम होतं.

आता तो कोन, तं सांगते. नात्यानं माह्या मालकाचा चुलतभाऊ. जुन्या गावी आमची भीत एक होती. इकडून मी मिरची कुटली का तिकडं त्याची बायको सगुना ठसके. गोसीच्या धरनात गाव गेलं तवा सारे इकडं नवीन गावात आलो. रडलं कोनी नाही. रडाले टाइम नोता, छपरावरचे कवेलू उतरवाचे होते. ज्याच्यानं जे उचललं त्यानं ते आनलं. मी उखळ आनलं, जातं आनलं, दारं आनली. भाऊजीनं तं हिरीची पानी वढाची गडगडी आनली. इथं हीर नोतीच, नळ होता. गडगडी अजून त्याच्या पडवीत टांगून हाये. सगुना म्हनते, "कोनी मेलं तं हिच्यावरून सोडा म्हना खाली."

पहिल्या साली इथं सावली नोती. टिनाखाली रायलो. माह्या मालकानं इथंच डोळे मिटले. मी दुसऱ्याच्या बांधीत रोवना केला, पोराले शिकवलं. झालं. ते सांगत बसली तं भाऊजी रायते बाजूले.

भाऊजीची एक गोष्ट साऱ्याइले मालूम. धरनाच्या पान्यापाशी तो कधी गेला नाही. गावचे मासोळ्या धराले जाते, बाया गोधड्या धुवाले जाते, तो नाही. पवनीच्या बाजाराले बस जाते तिच्या एका बाजूनं लांब लांब पानी दिसते. भाऊजी दुसऱ्या बाजूले बसे. जागा नसन तं उभा राये, पान्याकडं पाठ करून.

अन् अशा मानसानं टीवी घेतला तो पान्यापायीच.

झालं असं का तो पंखा दुरुस्तीले पवनीले गेला. दुकानात मोठा टीवी लावून होता. त्यात समुद्र. निळंगार पानी, अन् पान्याखाली सारं उघडं! गोटे दिसे, रेती दिसे, मासोळ्याइचं खवल न खवल दिसे. मासोळ्या तळाले तोंड लावून काही टोचून राहिल्या होत्या. भाऊजी पंखा काखेत धरून उभाच. दुकानदार म्हने, "काका, पाहून घ्या. तळ दिसते तळ! याच्यापासून काही लपत नाही."

संध्याकाळी भाऊजी माह्या ओट्यावर आला. म्हने, "वयनी, पान्याचा तळ दिसते त्यात."

"कोन्या पान्याचा?"

"कोन्या बी. आपल्या धरनाचा फोटू टीवीत आला तं आपलं गाव दिसन का?"

मी म्हटलं, "दिसन बी."

हप्त्यात म्हैस गेली अन् टीवी आला. सगुना साऱ्या गल्लीले आयकू जाईन अशी बोले, "दूध देनारी गेली अन् भिताड आलं! आता मासोळ्याइचं दूध काहाडा म्हना!" गावाले तं हासाले कारनच भेटलं. एकनाथ पाटील म्हने, "तुळशीराम, गाव दिसलं तं माह्या चुलीकडं बी पाय. दूध ठेवून आलो होतो, उतू गेलं असन."

पन भाऊजीचा एक हट. म्हने, टीवी खरा पायजे. धानच खोटं दाखवते तो टीवी पानी खरं दाखवन काय? म्हून ते पान. आंधी सोताचा टीवी पानावर बसवला, मंग गावचे सारे तपासले. कोन्या टीवीत खरं दिसते ते त्याले पाहाचं होतं. धरनाची बातमी आली तं त्या टीवीत पाहाची.

लोकाइले वाटे बुढा चळला. मले नाही वाटलं. त्याचं त्या गावात काय रायलं ते मले मालूम होतं.

सगुनाले पहिली पोरगी झाली होती. चिमी. बसाले लागली होती, टाळ्या वाजवे. पावसाळ्यात ताप आला. नदीले पूर, डोंगा बंद, पल्याड जावाले रस्ता नाही. सगुनाच्या मांडीवरच गेली. आंग मी धुतलं. माह्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा होता, त्यात गुंडाळली. भाऊजीनं हातावर घेतली अन् बांधीच्या कडेले धुऱ्यावर, मोहाच्या झाडाखाली मातीआड ठेवून आला. मंग त्याइले दोन पोरं झाले, मोठे झाले, नागपूरले कामाले गेले. चिमीचं नाव त्या घरात कोनी घेत नसे. पन गाव सोडाच्या दिवशी, सारे कवेलू भरून राहिले होते तवा, भाऊजी धुऱ्यावर गेला. उलीसा येळ उभा रायला. वापस आला तं हात रिकामे. मंग हिरीवर चढला अन् गडगडी सोडवू लागला. मानसाले काही तं उचलून न्यावं वाटते.

म्हून मले वाटे, भाऊजीले ते मोहाचं झाड पाहाचं हाये. एवढंच. ते दिसनार नाही हे मले समजे, अन् नाही दिसलं तं याचं काय होईन, याची मले चिंता.

यंदा पानी जबर आलं. धरनाचे दरवाजे उघडले. एकनाथ पाटील वरडत आला, "टीवीवर दाखवून राहिले! वरून फोटू काहाडला, वरून!" अर्धं गाव भाऊजीच्या घरात. म्हैस विकून आनलेल्या भिताडापुढं सारे खाली बसले. सगुना दारात सूप घेऊन तांदूळ निवडून राहिली होती, पाठ टीवीकडं. ज्योतीले भाऊजीनं रिमोट देऊन आंधीच बसवलं.

सकाळी गल्लीतले पोरं टीवी पाहाले आले होते, त्याइनं रंग चढवून ठेवले होते. पानी आलं तं निळंशार! त्या दुकानातल्यावानी. सारे "वा वा" कराले लागले. पाटील म्हने, "तुळशीराम, आता दिसते पाय! ज्योती, आनखी चढव, तळ लागन!"

मी भाऊजीकडं पायलं. त्याचं तोंड राखेवानी झालं होतं.

उठला. खिशातून पान काहाडलं. ताजं होतं, सकाळीच बांधीतून आनलेलं. पान्याच्या कडेले कोनाची तं धानाची बांधी दिसून राहिली होती, त्यावर पान ठेवलं.

"ज्योती, कमी कर."

"आबा, चांगलं तं दिसून राहिलं—"

"कर, बाई."

न्यूजवाल्याइचं एक बरं हाये, एकच चीज घडीघडी दाखवते. ते पानी येये, जाये, परत येये. ज्योती एकेक उतरवत गेली. रंग उतरवला, ते काठ काहाडले, उजेड कमी केला, निळी झाक होती ते पिवळ्याकडं आनली. भाऊजी पान सरकवे अन् म्हने, "आनखी. आनखी उलीसं." धान पोपटी झालं, मंग काळपट झालं, अन् एका टाइमाले पान त्यात असं मिसळलं का पान कोनतं अन् टीवी कोनता, सांगता नाही येये.

अन् धान खरं झालं तसं पानी बी खरं झालं. निळं गेलं. चहावानी तांबडं, गढूळ, वैनगंगेले पूर आला का असते तसं. खाली काही नाही. नुसतं पानी.

"घ्या!" पाटील म्हने. "होतं ते बी गेलं. म्हैस फुकट गेली तुही."

लोकं हासले. भाऊजी टीवीपुढंच खाली बसला. मले म्हने, "वयनी, तुमी सांगा. दिसते काही?"

मी खरंच सांगतलं. "नाही भाऊजी. गढूळ हाये. काहीच नाही दिसत."

"बिल्कुल नाही ना?"

"बिल्कुल नाही."

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला का मले वाटलं रडते आता. पन तो हासून राहिला होता. हळूच म्हने, "त्या दुकानात मासोळ्या तळाले टोचून राहिल्या होत्या, वयनी. सारं उघडं होतं. तवापासून मले झोप नाही. म्हटलं, आपलं पानी बी तसंच असन तं... लेकरू उघडं पडलं असन."

माह्या ध्यानातच नोतं आलं. मी समजत होती त्याले पाहाचं हाये. त्याले तं, नाही दिसत, हे पाहाचं होतं.

दारातलं सूप थांबलं होतं. सगुना कवा उठली, कवा मांगं येऊन उभी रायली, मले समजलं नाही. साऱ्या गल्लीले आयकू जाते तो आवाज, पन आता आमाले दोघाइलेच आयकू आला.

"झाकलं हाये?"

"झाकलं हाये," भाऊजी म्हने. "चांगलं जाड हाये."

सगुना टीवीकडं पाहात रायली. मंग पदरानं टीवीची काच पुसली, जिथं त्यानं पान टेकवलं होतं तिथं, अन् परत सूप घेऊन बसली.

तवापासून भाऊजी आमच्या घरी आला का आंधी पानी मांगते. ज्योतीचा टीवी तसाच, सारे लगनाले निघालेले. भाऊजी खाटेवर बसून पायते अन् म्हनते, "राहू दे. गानं हाये." मलेच म्हना लागते, "ज्योती, उलीसं कमी कर वं, डोळे दुखून राहिले."

पान अजून असते खिशात. सवय हाये.

मांगच्या बाजाराले आमी तिघं संग गेलो. बस अर्धी रिकामी होती. भाऊजी चढला, इकडं पायलं, तिकडं पायलं, अन् पान्याच्या बाजूच्या खिडकीले जाऊन बसला. सगुना त्याच्याजवळ. मी मांगच्या सीटवर. पानी आलं तसे दोघं बाहेर पाहाले लागले. पवनी जवळ आली तवा सगुनानं त्याले कोपर मारलं.

"टीवीपेक्षा मोठं हाये," ते म्हने. "अन् फुकट हाये. म्हैस कायले विकली रे बुढ्या?"