लाल खुणांची साक्ष

एकशे बारा पानं.

सोफ्यावर चार्जिंगला लावलेला, उघडाच टॅबलेट.

सदतीस वर्षं पुस्तकांची मुद्रितं तपासून निवृत्त झालेला आणि आता दिवसभर पेपरातल्या चुका मोजणारा माणूस.

आणि वकिलांच्या ऑफिसातली खुणांची रीत: हिरवा म्हणजे खरं. निळा म्हणजे शंका. लाल म्हणजे धडधडीत खोटं, इथे धरा.

वकीलबाई आंघोळीला गेल्या होत्या, फक्त बारा मिनिटं.

बाहेर आल्या तेव्हा सासरे टॅबलेट मांडीवर घेऊन चष्मा पुसत होते. "अगं, फार गचाळ मजकूर होता. केला साफ."

वकीलबाईंनी पाहिलं. गोदामाच्या मॅनेजरच्या साक्षीचा शब्दशः उतारा. त्यातला प्रत्येक 'अं', प्रत्येक 'म्हणजे', प्रत्येक 'ते आपलं' लाल रेघेनं उडवलेला.

"बाबा, हे तसंच ठेवायचं असतं. माणूस बोलला तसं."

"एका वाक्यात चारदा अडखळतो आणि ते तसंच छापायचं?"

"छापायचं नाही. कोर्टात वाचायचंय."

"मग तर जास्तच साफ हवं."

"बारा मिनिटांत एकशे बारा पानं?"

"हात बसलेला आहे," सासरे नम्रपणे म्हणाले.

सीनियर वकिलांनी पहिल्यांदाच एका साक्षीचा उतारा वकीलबाईंच्या एकटीच्या भरवशावर टाकला होता. हा बिघडला तर पुन्हा नोटिशींच्या पाकिटांवर पत्ते लिहायचे. शिवाय गोदामाच्या आगीत ज्याचं खोकी बनवायचं मशीन जळालं, त्या बिचाऱ्या अशिलाचं सगळं आजच्या उलटतपासणीवर.

"मागे घे ना सगळं," नवरा दाढी करता करता म्हणाला.

ॲप मागे घेत होतं, पण एका वेळी एकच खूण. खुणा तीनशेच्या वर. नऊ पुसल्या आणि पडद्यावर चौकट उगवली: सीनियरांनी फाइल उतरवून घेतली आहे.

त्यांचा फोन बंद. कोर्टात शिरताना ते तो बंदच करतात. वकीलबाई ओल्या केसांनी टॅक्सीत बसल्या.

"सर, त्या लाल खुणा..." कोर्टातल्या बाकावर सीनियरांशेजारी बसता बसता त्या म्हणाल्या.

"पाहिल्या. बाकीचे रंग झाकून मी फक्त लालच ठेवलेत. कसून बसलेली दिसतेस."

"सर, त्या माझ्या नाहीत."

"विनय पुरे. न्यायाधीश आले, ऊठ."

सीनियरांनी टॅबलेटवर बोट टेकवलं. "पान चौदा. 'अं, म्हणजे, मेन स्विच मी स्वतः बंद केला.' या 'म्हणजे'च्या आधी तुम्ही काय सांगणार होतात?"

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"अं," मॅनेजर म्हणाला.

"हाच. असे तुमच्या साक्षीत पुष्कळ आहेत. पण नाव, पत्ता, पगार सांगताना एकही नाही. स्विचचं नाव निघालं की सुरू. पान एकोणीस."

पान एकोणीस. पान बावीस, दोन जागा. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी हरकत घेतली. पण साक्षीदाराच्या तोंडचे शब्द त्यालाच विचारायला हरकत कसली, हे त्यांना सांगता येईना. मॅनेजर आता 'अं' येऊ नये म्हणून तोंड मिटून बसला होता, आणि ते आणखी वाईट दिसत होतं. सातव्या खुणेला त्यानं पाणी मागितलं.

"स्विच मी बंद केला नव्हता," तो म्हणाला. "शिपायाला सांगितलं होतं. तो आधीच घरी गेला होता, हे मला नंतर कळलं."

या वाक्यात तो कुठेही अडखळला नाही.

बाहेर जिन्यावर अशील सीनियरांचा हात सोडीना. सीनियर वकीलबाईंना म्हणाले, "यापुढे प्रत्येक साक्ष अशीच तपासायची. सोमवारी तीन फाइली देतो."

घरी येताच वकीलबाईंनी टॅबलेट सासऱ्यांसमोर धरला. "बाबा, सोमवारी आणखी तीन साक्षी येतायत. जरा बघाल का?"

सासऱ्यांनी हात मागे घेतला. "मी दिवसभर विचार केला. तुझंच बरोबर. माणसाचं बोलणं आहे, जसंच्या तसं राहावं. यापुढे एका 'अं'लाही हात लावायचा नाही."

"लावा ना बाबा. थोडासा."

"नाही. पटलं म्हणजे पटलं."

आदल्या दिवशी, सगळी पानं दोनदा वाचून, वकीलबाईंनी शेवटच्या पानाखाली हिरव्या रंगात लिहिलं होतं: साक्षीदार प्रामाणिक वाटतो, फार ताणू नये.