पाहुणा असेपर्यंतचा तह

सापगावच्या काळूराम मास्तरांनी त्या वैशाखात, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, म्हणजे राब भाजायचा, त्याला पालापाचोळा कमी पडतोय असं वाटून, परसातल्या चार गोवऱ्या घेतल्या. खरंच चारच घेणार होते. पण मास्तर शेतीतले हौशी (फळ्यावर नांगर मात्र झकास काढायचे), आणि आग अशी छान धरली, की बायकोने पावसाळ्यासाठी थापून रचलेली अख्खी रास दुपारपर्यंत भाताच्या वाफ्यावर राख होऊन पडली.

बाईजा भांडली नाही. तिने बोलणंच टाकलं. काही सांगायचं झालं तर म्हशीला सांगायची, "भाकरी वाढलीय म्हन त्यांना." म्हैस मास्तरांकडे बघायची आणि मास्तर मुकाट्याने पाटावर बसायचे. भांडी घासताना गुणगुणायची ती बाईजा त्या घरात उरलीच नव्हती. मास्तरांना फार एकटं वाटायचं.

पाचव्या दिवशी डोळखांबहून मेहुणा नथू आला. माहेरी कळायला नको म्हणून मास्तरांनी संधी साधली. लढाईचे दिवस होते, वर्तमानपत्रातला एक शब्द त्यांच्या ध्यानात होता.

"याला ट्रूस म्हणतात," ते चुलीपाशी कुजबुजले. "थोड्या दिवसांचा तह. मुदतीत कोणी गोळी झाडायची नाही. मुदत संपली की पुन्हा लढाई."

"मुदत कवापर्यंत?"

"नथू जाईपर्यंत."

बाईजाने मान डोलावली आणि लगेच हाक आली, "अवो, चहा घेता ना?" मास्तरांचे डोळे भरून आले. (धुराने, असं ते पुढे सांगत.)

खरं तर नथू त्यांना मुळीच आवडत नसे. तो त्यांच्या बाजेवर झोपे, त्यांची तंबाखू संपवी आणि बिबट्याची एकच गोष्ट रोज सांगे. बिबट्या रोज हातभर वाढे. तरी नथू निघतो म्हणाला, की मास्तर त्याची एक वहाण दप्तरात घालून शाळेत नेत. असे पंधरा दिवस सुखाचे गेले.

मग नथूच्या बायकोचा सांगावा आला तसा तो बैलगाडीत बसला. मास्तर घाबरतच घरात शिरले. "ट्रूस थोडा वाढवू या का गो?"

"कसला टूस न् फूस! गवऱ्यांचा राग नथू आला त्याच दिशी गेला माजा. पाहुना गेला की हसून सांगीन म्हनलं."

मास्तरांचा चेहरा उजळला.

"पन तुमी त्याला जाऊच देईना! चुलीत घालायला गवऱ्या नाय, पंधरा दिस रानातून मोळ्या आनतेय मी, त्या खादाडासाठी! आता माज्याशी बोलू नका."

मास्तर अनवाणीच गाडीमागे धावत सुटले. "नथू! अरे, परत फिर! दोनच दिवस!"

नथूने मागे वळून पाहिलं. "नका रडू, भावजी! येवडा जीव कुनी लावला नाय मला! भाताची आवनी-लावनी झाली की पोराबाळांना घेऊन म्हयनाभर येतो!"