पावणेसात इंजिनं

तामखेड्यात शेतीची इंजिनं होती सात. गावातलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं. पण १९८७ साली सरकारी तक्ता भरायची वेळ आली, तेव्हा ग्रामसेवक भाईदासला घाम फुटला.

तक्त्यात नुसती संख्या नव्हती, प्रकार विचारले होते. डिझेलचं की रॉकेलचं, दोन स्ट्रोकचं की चार, पाण्यानं थंड होणारं की हवेनं, सिलिंडर उभा की आडवा. सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘एकूण’. भाईदास मराठी घेऊन बी.ए. झालेला. पुढच्या महिन्यात नोकरी कायम व्हायची होती, म्हणून एकही चूक परवडणार नव्हती. तो तडक चिंधाआबांच्या विहिरीवर गेला.

"आबा, तुमचं इंजिन किती स्ट्रोकचं?"

"म्हंजे?"

"म्हणजे... झटके असावेत."

"झटका व्हय! हिवाळामा चार मारना पडतस. उन्हाळामा दोनमा चालू व्हई जास."

भाईदासनं दोन्ही रकान्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पेन खिशात ठेवून रमजान मिस्त्रीला गाठलं.

"भाऊसाहेब, हँडलच्या झटक्याचा काय संबंध?" रमजान हसला. "आत दट्ट्या खालीवर होत असतो. चार हेलपाट्यांत एकदा भडका उडवला, तर चार स्ट्रोकचं. दोनच हेलपाट्यांत उडवला, तर दोन स्ट्रोकचं."

"आणि उभं-आडवं?"

"तो भेद वेगळा."

"पाण्याचं?"

"तो आणखी वेगळा."

"म्हणजे एकच इंजिन डिझेलचं, चार स्ट्रोकचं, पाण्याचं आणि उभं?"

"मग! तुम्ही नाही का एकाच वेळी ग्रामसेवक, चष्मेवाले, धुळ्याचे आणि बिनलग्नाचे?"

भाईदासला हे पटलं, पण डोक्यात गरगरायला लागलं. रमजानला घेऊन तो सातही इंजिनांवर फिरला, प्रत्येकाच्या खुणा केल्या आणि शेवटी सगळ्या खुणांची बेरीज करून ‘एकूण’ समोर सत्तावीस लिहिले. चारदा तपासली, बेरीज बरोबर होती.

पंधरा दिवसांनी विस्तार अधिकारी सोनवणेसाहेबांची जीप धुरळा उडवत आली.

"सत्तावीस इंजिनं! शाब्बास भाईदास. चला, दाखवा."

भाईदासनं दाखवली. सातवं चिंधाआबांचं, आबा तिथंच उभे होते. सातव्यानंतर साहेब पुढच्या वाटेकडे पाहत उभे राहिले, भाईदास जमिनीकडे.

"साहेब, संपली."

"संपली म्हणजे?"

भाईदासनं रडवेल्या आवाजात सगळं सांगून टाकलं: एकेक इंजिन चार-चार रकान्यांत कसं शिरलं ते. आता नोकरी गेलीच, असं त्याला वाटलं. पण साहेब मटकन बांधावर बसले.

"म्हणजे... बेरीज करायची नव्हती?"

"नसावी, साहेब."

"अरे, बाकीच्यांनी एकूण कोरंच सोडलं होतं. सगळ्या तालुक्याची बेरीज मी स्वतः केली. अशीच, खुणा मोजून! खाली सही पण माझी."

मग साहेबांनाच वाट सुचली. प्रत्येक इंजिन चार वेळा मोजलं गेलंय, तर प्रत्येक गावाला चारनं भागायचं. त्यांनी कागद काढला आणि सुरुवात तामखेड्यापासून केली.

"सत्तावीस भागिले चार... पावणेसात?"

चिंधाआबा रॉकेल मिसळायचे, म्हणून इंधनाचा रकाना त्यांनी भरूच दिला नव्हता; अठ्ठावीसातली एक खूण तिथंच कमी पडली होती.

"मन्हं इंजिन पाऊणच?" आबा भडकले. "चाक, हँडल, बठ्ठं त शे जागावर!"

"साहेब, आपण सरळ सातच लिहू," भाईदास म्हणाला.

"तुझं एकट्याचं न भागता आलं, तर बाकी गावांवर संशय येईल. नियम म्हणजे नियम." साहेबांनी पावणेसात लिहिलं, सही केली आणि जीप निघून गेली.

भाईदासला कायम केल्याचं पत्र आलं. त्याच टपालानं वरून दुसरं पत्र आलं. ते त्यानं तीनदा वाचलं. ‘तामखेडे येथील उर्वरित पाव इंजिन कोठे आहे, याचा खुलासा त्याच्या प्रकारासह आठ दिवसांत सादर करावा.’