काळी ती बाई, पिवळा तो बुवा

"दोरी रिकामी नाही," शहरबानूने सांगितलं, तेव्हा हनीफ परकार ओल्या कपड्यांची बादली घेऊन मागच्या अंगणात उभे होते. शनिवारी बाथरूमपासून अंगणापर्यंत बादली पोचवणं हा घरकामातला आपला आठवड्याचा वाटा आहे, असं ते मानत. त्यांनी दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. तिच्यावर एक रुमालसुद्धा नव्हता. फक्त भिंतीच्या हुकाजवळ सुकी पानं, कापसाचे धागे आणि कोळ्याची जाळी यांचा मुठीएवढा बटवा लोंबत होता.

"घरटं आहे. अजून बांधून होतंय," शहरबानू म्हणाली. "पिल्लं उडेपर्यंत कपडे आत वाळवायचे."

तेवढ्यात शेजारच्या वायरवर दोन चिमुकले पक्षी येऊन बसले. एक काळा, पण उन्हात वळला की जांभळा चमकणारा. दुसरा वरून मातकट, पोटाला पिवळा. पिवळ्याच्या चोचीत धागा होता. तो बटव्याकडे गेला, धागा खोचून परत उडाला. काळा मात्र वायरवर बसून मजेत गात राहिला.

हनीफ दुबईत लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर होते. कुठलीही गोष्ट पाहिली की तिचा निकाल लावायची त्यांना सवय होती. "काळी ती बाई," त्यांनी जाहीर केलं, "आणि पिवळा तो बुवा."

"अब्बा, हाऊ डू यू नो?" दारात उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या नबिलाने विचारलं.

"अगं, या देशात बाहेर पडलीस की काळ्या कपड्यांत कोण दिसतं? बायका! खलास. पक्षीसुद्धा इथलेच ना?"

"दॅट्स नॉट हाऊ बर्ड्स वर्क."

पण हनीफ ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला. शारजातल्या त्या जुन्या व्हिलात चार बिऱ्हाडं होती आणि चौघांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर हनीफनी व्हिडिओखाली लिहिलं, 'बघा कुदरत! नर बिचारा एकटा घर बांधतोय आणि मादी वायरवर बसून गाणी म्हणतेय. घर सांभाळणं हे मुळात पुरुषाचं काम आहे.'

शेवटचं वाक्य त्यांनी नुसतं शोभेसाठी घातलं होतं. पण वरच्या मजल्यावरच्या अनुराधा कारखानीसने त्याला सात टाळ्या दिल्या, बाकीच्या दोन घरांतल्या बायकांनी फुलं पाठवली आणि तासाभरात अनुराधाचे यजमान हेमचंद्र जिना उतरून खाली आले. त्यांच्या कोपरापर्यंत कणीक होती.

"हनीफभाई, काय केलंत हे? अनुराधा म्हणते, आजपासून पोळ्या तुम्ही करा. कुदरत आहे म्हणे!"

हनीफ पोट धरून हसले. ते हसू मावळायच्या आत शहरबानू स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने ओटा पुसायचं फडकं शांतपणे त्यांच्या खांद्यावर टाकलं.

"हे काय?"

"ग्रुपवर लिहिलंत ना? लोक विचारतील," ती म्हणाली.

"प्रॅक्टिस व्हॉट यू पोस्ट, अब्बा," नबिला म्हणाली.

आता माघार घ्यायची तर अख्ख्या व्हिलासमोर घ्यावी लागली असती. हनीफनी फडकं हातात घेतलं. पहिल्या दिवशी तांदळाची भाकरी थापताना तिचा चार देशांचा नकाशा झाला. दुसऱ्या दिवशी सुरमईच्या सालनात मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी भात लागला आणि धुराचा अलार्म वाजून हेमचंद्र वरून धावत आले. ते विझवायला आलेत असं वाटलं होतं, पण ते पोळी फुगत का नाही हे विचारायला आले होते.

चौथ्या दिवशी शहरबानू म्हणाली, "सकाळी मला आता काही काम नाही. ड्रायव्हिंगचा क्लास लावू?"

कांदा चिरणारी हनीफची सुरी थांबली. बारा वर्षांपूर्वी तिने हा क्लास लावला होता. दुसऱ्याच आठवड्यात नबिलाला कांजिण्या आल्या, मग हनीफच्या अम्मा ऑपरेशनसाठी गावाहून आल्या, आणि क्लासचा विषय कुणी पुन्हा काढलाच नाही. हनीफनीसुद्धा नाही.

"लाव की," ते म्हणाले. खांद्यावर फडकं असलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

मग रोज पहाटे शहरबानू क्लासला जाऊ लागली आणि हनीफ डबे भरू लागले. अंगणात पिवळा पक्षी अंड्यांवर बसला. हनीफ चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभे राहत. "बस बाबा बस. आपलं नशीब एकच." मध्येच एक तिसरा पक्षी आला. अंगाने पिवळा, पण गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी. हनीफ हरखले. "बघा! टाय लावलाय! पिवळे ते पुरुषच. हा ऑफिसला निघालाय." हाही फोटो ग्रुपवर गेला आणि हेमचंद्रांच्या सुटकेची उरलीसुरली आशा संपली.

पाच आठवडे असे गेले. घरट्यातून आता चिवचिव ऐकू येऊ लागली. एका संध्याकाळी बोगनवेल छाटायला जहूर आला. पाकिस्तानातल्या स्वातकडचा हा म्हातारा माळी तीस वर्षं शारजातल्या बागा सांभाळत होता. हनीफनी त्याला कौतुकाने आपला पिवळा नर दाखवला.

जहूर कात्री खाली ठेवून हसला. "साहब, ये तो मादी है. काला वाला नर है. घोंसला अकेली मादी बनाती है, अंडे पे भी वही बैठती है. और वो पट्टीवाला? वो जवान लडका है. अभी पूरा काला होना बाकी है."

"और काला कुछ नहीं करता?"

"करता है ना. अब देखो."

काळा पक्षी चोचीत कोळी घेऊन आला, घरट्याच्या तोंडाशी लटकला आणि पिल्लाला भरवून गेला.

ही बातमी त्यांनी आधी वर जाऊन हेमचंद्रांना दिली. हेमचंद्रांचे डोळे भरून आले. "टाका, हनीफभाई, आत्ताच्या आत्ता ग्रुपवर टाका! यल्ला, लवकर!"

हनीफ स्वयंपाकघरात परतले आणि मजकूर लिहायला लागले. 'दुरुस्ती. पिवळी ती मादी असून...' अंगठा बटणावर टेकवताना त्यांनी सहज खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात शहरबानू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. समोर स्टुलावर तिने मसाल्याचे डबे ओळीने मांडले होते आणि दोन डब्यांच्या मधल्या जागेत ती काडेपेटी मागे सरकवत होती. काडेपेटी हळदीच्या डब्याला लागली. तिने ओठ चावला, काडेपेटी पुढे घेतली, मान वळवून नसलेल्या आरशात पाहिलं आणि पुन्हा मागे सरकवली. तिची टेस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

हनीफनी लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. वर फोन लावला. "हेमचंद्रजी, उद्याचा एक दिवस पोळ्या लाटा. मेहरबानी करा."

"का?"

"उद्या सांगतो, इन्शाल्ला."

शहरबानू पहिल्याच टेस्टमध्ये पास झाली. त्या संध्याकाळी ती हनीफनी घरीच ठेवलेली गाडी घेऊन एकटी दुबईला आली आणि हनीफच्या ऑफिसच्या दाराशी उभी राहिली. येताना चांगले दोन तास लागले होते, पण चेहरा फुलला होता. हनीफ उजवीकडे बसायचं सोडून सवयीने डावीकडे, स्टिअरिंगच्या बाजूला गेले आणि 'इथे मी बसते' असं ऐकून परत फिरले.

शारजाच्या रस्त्यावर नेहमीप्रमाणे गाड्या खिळल्या होत्या. हनीफनी घसा साफ केला. "बानू, एक चूक झाली. तो पिवळा... ती बाई आहे. घरटं तिनेच बांधलं. मला काल कळलं."

"मला पहिल्या दिवशीच माहीत होतं," शहरबानू रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाली. "आमच्या दाभोळच्या घरामागे जास्वंदीवर दरवर्षी यायचे. नबिलालाही माहीत होतं, अनुराधालाही."

"मग बोलली का नाहीस?"

"चोवीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही इतकं छान काही म्हणालात. मध्येच कशाला तोडायचं?"

डबा गरम असताना झाकण लावलं तर भाकरीला पाणी सुटतं, म्हणून ती निववायला पंधरा मिनिटं आधी उठावं लागतं, हे हनीफना या पाच आठवड्यांत कळलं होतं. त्यांच्या डब्यातली भाकरी चोवीस वर्षांत एकदाही ओली निघाली नव्हती.

"शुक्रिया, बानू."

"कशाचं?"

"डब्याचं."

"कुठल्या डब्याचं?"

"सगळ्या."

शहरबानूने डोळ्यांच्या कडा अबायाच्या बाहीने टिपल्या. मागच्याने हॉर्न वाजवला. पुढे जागा झाली होती. तिने गाडी सफाईने पुढे घेतली आणि शेजारी एक नजर टाकली.

"आता तो उजवा पाय उचला," ती म्हणाली. "कधीपासून दाबताय. तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये."