गड व परिसर

अत्तारकाकांना ‘कसे आहात?’ असं विचारलं, की ते आधी सिंहगडाची तब्येत सांगतात. ‘गड आज जरा धुरकट आहे. दुपारनंतर सुधारेल.’ मग आठवलं तर स्वतःच्या गुडघ्यांबद्दल एखादं वाक्य टाकतात.

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. अक्षरांचा तक्ता भिंतीवर टांगलेला असे, पण काकांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. लोक अक्षरं पाठ करून येतात, असं त्यांचं म्हणणं. नवा चष्मा तयार झाला की ते गिऱ्हाइकाला जिन्याने थेट गच्चीवर नेत, सिंहगडाकडे तोंड करून उभं करत आणि विचारत, ‘गडावरचा टीव्हीचा मनोरा दिसतो का?’ दिसला, तरच चष्मा हातात पडायचा. हवा धूसर असेल तर माणूस तसाच परत जायचा. ‘डोळे ठीक आहेत हो तुमचे. आज गड रजेवर आहे,’ असं सांगून त्याची बोळवण व्हायची.

इतकी वर्षं रोज गडाकडे बघून बघून काकांना हवामान कळायला लागलं. म्हणजे, असं त्यांचं मत आहे. दुकान बंद झालं, पण गच्चीवर जाणं सुटलं नाही. रोज सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून ते वर जातात आणि खाली आले की सोसायटीच्या ग्रुपवर अंदाज पडतो: ‘गड व परिसर. सकाळी धुरकट, दुपारी कडक ऊन. संध्याकाळी पश्चिमेचा वारा. वाळवण सांभाळावे, तोंडही सांभाळावे.’ शेवटचा भाग बहुधा पार्किंगवरून आदल्या दिवशी झालेल्या भांडणासाठी असतो.

त्यांचा खरा हंगाम वसंत. पावसाळ्यात पाऊस पडेल आणि थंडीत गारठेल, हे कोणीही सांगेल, कस लागतो तो वसंतात, असं ते म्हणतात. होळी झाली की एका संध्याकाळी ते सगळ्यांना गच्चीवर बोलावतात, पन्हं देतात आणि वैशाखापर्यंतचा अंदाज उभ्यानं सांगतात. वणवे कुठल्या उतारावर दिसतील, पळस कधी झडेल, वळीव कधी येईल. लोक पन्ह्यासाठी येतात, पण ऐकून घेतात.

परिसर म्हणजे काय, याबद्दल काका फार काटेकोर आहेत. जिथून गड दिसतो, तो परिसर. वरच्या मजल्यावरच्या इंजिनियर मुलानं एकदा विचारलं, की बाइकवरून ऑफिसला जाताना रेनकोट घेऊ का. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘हिंजवडी परिसरात येत नाही. तिथली हवा कंपनीला विचारा.’

अंदाज चुकतात का? चुकतात की. चांगले दणकून चुकतात. ‘कोरडे राहील’ म्हटलेल्या दिवशी माझ्या बायकोच्या, नीलाच्या, कुरडयांची वळवानं खीर केली होती. काका वर आले, त्या लगद्याकडे दुर्बीण न लावता बघत राहिले आणि म्हणाले, की आपली गच्ची परिसरात येते, पण काठावर. नीला त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. कैरीची डाळ मात्र पाठवली.

या सगळ्यात एकच माणूस काकांचा अंदाज मनापासून मानत आला. माझी मुलगी सई. लहानपणी तिला पहिला चष्मा काकांनीच दिला आणि रिवाजाप्रमाणे गच्चीवर नेलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘काका, गडाला काठी आहे.’ तोवर तिला डोंगर म्हणजे नुसता निळा डाग वाटत असे. त्या दिवसापासून शाळेतून आली की दप्तर आमच्या घरी आणि सई अत्तारांकडे. काका-काकूंना मूल नव्हतं. काकू गेल्या, तेव्हा सई कॉलेजात होती. काकांना जबरदस्तीनं जेवायला बसवायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं.

या चैत्रात सईचं लग्न ठरलं आणि हळद गच्चीवरच करायची, असा तिनं हट्ट धरला. नीलाचं म्हणणं, वर मांडव घालू. सईला डोक्यावर आभाळ हवं होतं. दोन दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी सई म्हणाली, की काकांना विचारू आणि ते सांगतील तसं करू. नीलानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुरडया मीच भिजवल्या होत्या.

काकांनी वेळ मागून घेतला. रोज दोनदोनदा गच्चीवर जायला लागले. मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले.

‘गड व परिसर. आकाश निरभ्र, वारा मंद. मांडव नको.’

नक्की ना, असं नीलानं विचारलं.

‘वहिनी, मी अंदाज देतो, हमी देत नाही. या वेळी हमी देतो.’

हळदीच्या दिवशी सकाळी गड इतका स्वच्छ दिसत होता, की मनोरा हातानं उचलून ठेवावा. दुपारी पाहुण्यांची पंगत उठली आणि नैर्ऋत्येला काळं भरून आलं. बघता बघता गड दिसेनासा झाला. वारा सुटला, झेंडूच्या माळा आडव्या झाल्या, मातीचा वास आला. नीलानं पाट उचलायला घेतला. सगळी गच्ची काकांकडे बघायला लागली.

काका पाण्याच्या टाकीपाशी हाताची घडी घालून उभे होते.

‘गडावर पडेल. इथं नाही. हळद लावा.’

सई खुशाल पाटावर बसून राहिली. गडाच्या बाजूला विजा चमकत होत्या, कात्रजच्या डोंगरावर पावसाचा पडदा स्वच्छ दिसत होता. आमच्याकडे दहाबारा थेंब पडले असतील. मग वारा गार झाला आणि चैत्रातल्या त्या भट्टीसारख्या दिवसात सगळी माणसं एकदम मोकळी झाली. नीलानं विहिणीला हळद लावली, विहिणीनं मला, आणि इंजिनियर मुलानं असा काही नाच केला, की हिंजवडीबद्दलचं माझं मत बदललं. त्यानंतर एक थेंबही पडला नाही. काका जागचे हलले नाहीत. जेवणाचं ताटसुद्धा त्यांना टाकीपाशी नेऊन द्यावं लागलं. जो येईल त्याला ते ‘निरभ्र म्हणालो होतो’ एवढंच ऐकवत होते. मला वाटलं, विजयाची जागा सोडवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्यांच्या माळा काढायला मी वर गेलो, तर काका एकटेच एका भल्यामोठ्या ताडपत्रीशी झटत होते. एक टोक धरलं की दुसरं वाऱ्यावर उडत होतं. टाकीमागे आणखी एक ताडपत्री गुंडाळून ठेवलेली होती आणि टाकीच्या पायाला दोर बांधलेले होते.

मला पाहून ते एखाद्या शाळकरी मुलासारखे थबकले. मग सांगून टाकलं. मार्केट यार्डातला कांद्याचा व्यापारी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. आम्ही पंगतीत गुंतलो होतो, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ताडपत्र्या आणवल्या होत्या आणि दोर बांधून टाकीमागे दडवल्या होत्या. थेंब वाढले असते, तर ओढायचाच अवकाश होता.

‘पण अंदाज तर बरोबर आला तुमचा,’ मी म्हणालो.

‘आला हो. पण पोरीची हळद काय अंदाजावर सोडायची?’

मग ते म्हणाले, ‘सईला सांगू नका. तिचा माझ्या अंदाजावर विश्वास आहे.’

मी मान हलवली आणि वाऱ्यावर फडफडणारं टोक धरलं. दोघांनी ताडपत्री ताणली, मग चालत एकमेकांकडे आलो आणि टोकं जुळवली. काकांनी घडीवरून हात फिरवला. काकू होत्या तेव्हा चादरींच्या घड्या अशाच घालायचो, म्हणाले, आता घरात सगळं गुंडाळूनच ठेवतो.

ती झाल्यावर मी दुसरी उचलायला गेलो. ती चांगली गुंडाळलेली होती, दोरीसुद्धा बांधलेली. काकांनी ती माझ्या हातातून घेतली, दोरी सोडली आणि ताडपत्री गच्चीभर पसरली.

‘हिचीही घडीच घालू,’ म्हणाले.