ज्याने त्याने एकमताने ठरवावे

चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग हा माणसाचा खासगी मामला नसून सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे. जगाला हे साथ आल्यावर कळलं. आम्हा जपानातल्या ओनोमिचीकरांना आधीपासूनच ठाऊक होतं. साधी सर्दी झाली तरी आम्ही मास्क लावतो, आणि वसंतात देवदाराचे पराग उडायला लागले की गल्लीत कोणाचं नाक दिसत नाही. त्यामुळे साथीची तीन वर्षं आम्ही अत्यंत शिस्तीत काढली. संकट आलं ते साथ ओसरल्यावर. सरकारने जाहीर केलं, की मास्क लावायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

ज्याने त्याने ठरवण्याची आमच्याकडे पद्धत नाही. आम्ही शेजारी काय करतो ते पाहून ठरवतो, आणि शेजारी आमच्याकडे पाहत असतो. (ही व्यवस्था कित्येक पिढ्या बिनतक्रार चालू आहे, कारण तक्रारही आधी शेजाऱ्यानेच करायची असते.) त्या वर्षी गल्लीच्या मंडळाचं अध्यक्षपद पाळीने माझ्याकडे, म्हणजे या निशिगाकीकडे, आलं होतं. प्रत्येकाने स्वतंत्रपणे काय ठरवावं हे एकमताने ठरवण्यासाठी मी एक उपसमिती नेमली. तिने घरोघर पाहणी केली. मास्क काढायला शंभर टक्के रहिवासी तयार होते. त्यांपैकी शंभर टक्क्यांची अट एवढीच होती, की पहिला आपण नसावं.

उपसमितीला घाई नव्हती आणि अध्यक्षांना तर मुळीच नव्हती. साथीत माझा पुढचा एक दात पडला होता. मास्कच्या आत दाताची उणीव भासत नाही, म्हणून मी तो बसवून घेतला नव्हता. (दाढीही सोडून दिली होती. नाकापासून वर मात्र मी फार रुबाबदार दिसत असे, असं माझं मत आहे.) आणि कुवाहाताबाईंना माझा तेवढाच भाग माहीत होता.

कुवाहाताबाई ऐन साथीत आमच्या गल्लीत राहायला आल्या. त्यांचे यजमान गेलेले, माझी बायको गेलेली. सकाळी कचरा टाकायच्या जागी आमची गाठ पडे आणि बाटल्यांची झाकणं वेगळी करत आम्ही तासभर बोलत असू. एवढा निगुतीने निवडलेला कचरा अख्ख्या शहरात नसेल. या बाईंसाठी मी पहाटे उठून रिकाम्या बाटल्या शोधत असे, हे सांगायला आता लाज कसली.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "मुलगी सेंदाईला बोलावतेय. जावं की राहावं, काही ठरत नाहीये."

"मोठा निर्णय आहे," मी म्हणालो.

"तुमचा चेहरा एकदा पाहिला असता ना, निशिगाकी-सान, तर ठरवायला सोपं गेलं असतं."

मी मास्क नाकावर आणखी वर ओढला. "उपसमितीचा अहवाल आला की लगेच," मी म्हणालो.

"अहवालाला काय नाकडोळे असणार आहेत?" असं म्हणून त्या झाकणं काढत राहिल्या.

अहवाल आला. रविवारच्या गल्ली-सफाईच्या वेळी सर्वांनी एकदमच मास्क काढावेत, आणि अध्यक्षांनी स्वतःचा काढून इशारा द्यावा, असं त्यात म्हटलं होतं. ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात माझंही मत होतं.

रविवारी सगळे जमले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी कानामागच्या दोरीला हात घातला, आणि तेवढ्यात मला पायाशी गवत उगवलेलं दिसलं. मी वाकून ते उपटू लागलो. अध्यक्ष वाकले म्हणून सगळे वाकले. गल्लीत त्या दिवसाएवढं गवत कधीच निघालं नव्हतं; ते संपल्यावर लोकांनी पायऱ्यांवरचं शेवाळही खरवडलं. उभ्या होत्या फक्त कुवाहाताबाई. त्यांनी मास्क काढला, घडी घालून पिशवीत ठेवला. त्यांच्या हनुवटीवर भाजल्याचा जुना डाग होता. मी तो वाकल्या वाकल्या पाहिला. मला तो चेहरा फार आवडला.

"मान धरेल हं, निशिगाकी-सान," त्या म्हणाल्या.

मी आणखी वाकलो.

त्याच महिन्यात त्या सेंदाईला गेल्या. निरोप द्यायला सगळी गल्ली मास्क लावून हजर होती.

आता मी दात बसवून घेतला आहे आणि दाढीही रोज करतो. सेंदाईला जाऊन चेहरा दाखवून यावं, असं सकाळी उठल्यावर वाटतं. फक्त गल्लीतून एकट्यानेच उघड्या तोंडाने निघणं बरं दिसणार नाही. आधी कोणीतरी काढू दे, मग निघतोच.

तुम्हाला माझं हसू येत असेल तर हसा. हसायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. फक्त शेजारचा हसतोय का, हे तुम्ही आत्ताच हळूच पाहून घेतलंत, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.