भिंतीपलीकडचे बेडूक

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर बेडूक ओरडतात. हो, डोंबिवलीत. आसपास डबकं औषधालाही नाही, नळाला पाणी यायची मारामार, आणि दिवेलागणीला भिंतीपलीकडून डराव डराव सुरू. एकदोन नाही, अख्खं शेत.

आम्ही नवीन राहायला आलेलो तेव्हा बायको म्हणाली, "शेजारी काहीतरी आहे, तू बघून ये." मी कसला शूर! पण गेलो. दार उघडंच होतं. घरात दिवा नाही. अंधारात निर्मलाकाकू पाटावर ताठ बसलेल्या, समोर जमिनीवर मोबाइल, आणि त्यातून तो गलका. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हा विहिरीकडचा," त्या कुजबुजल्या. "आणि हा जाडा काल नव्हता." 

काकू ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही. रिटायर झाल्या तरी कान रिटायर झाले नाहीत. मुरबाडकडचा काशिनाथ नावाचा शेतकरी पावसाळाभर रोज संध्याकाळी फोन लावून बांधावर ठेवतो आणि काकू त्याचं शेत ऐकतात. त्याचा तांदूळ त्यांनी अख्ख्या बिल्डिंगच्या गळ्यात मारलेला. "विषारी फवारणी केली की आधी किडे जातात, मग बेडूक," त्या सांगायच्या. "बेडूक खोटं बोलत नाहीत. व्यापारी बोलतो." फोन ठेवायची वेळ आली की ठरलेलं वाक्य, "लाइन सोडू नको रे, जरा थांब."

तांदूळ जाडाभरडा, मध्येच तुकडा, कधी अळी. मी कुरकुरलो तर म्हणायच्या, "अळीला चालतो, तुम्हाला का चालत नाही?" 

यंदा गणपती गेले आणि काशिनाथच्या भातावर खोडकिडा पडला. गावात भात उचलणारा व्यापारी औषधाची बाटलीच घेऊन आला. "ही मार, मग सगळा माल मी उचलतो," म्हणाला. काशिनाथने तसं काकूंना सांगितलं. काकूंनी फोन बाजूला ठेवला. चप्पल घातली आणि बिल्डिंगमधलं एकेक दार वाजवलं. "भात कमी आला, दाणा पोचट आला, तरी घेणार ना?" आम्ही सगळे हो म्हणालो. दारात उभ्या बाईला नाही कोण म्हणतं? पण ते हो किती पोकळ आहे, ते त्यांच्या कानांना कळलं असणारच.

दुसऱ्या संध्याकाळी भिंतीपलीकडे आवाज आला नाही.

इतके दिवस मी त्या बेडकांच्या नावाने बोटं मोडलेली. पण त्या शांततेत मला चहा जाईना. उठून गेलो. काकू पाटावर, मोबाइल चालू, आणि त्यातून काही नाही. वाराही नाही.

"फवारलं वाटतं," मी म्हणालो.

त्यांनी मोबाइलकडे बोट दाखवलं. मग मलाही ऐकू आलं. फोनच्या त्या टोकाला कुणीतरी श्वास घेत होतं, अगदी हळू. काकू वाकल्या. "लाइन सोडू नको रे," एवढंच म्हणाल्या. मी खरंच घाबरलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग लांबून एक बेडूक ओरडला. मग विहिरीकडचा. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "जा आता, चहा गार झाला असेल."

दिवाळीनंतर काशिनाथ तांदूळ घेऊन आला. गोण्या नेहमीपेक्षा कमी. एक गोणी आम्ही दोघांनी वर चढवली आणि जिन्यात दम खायला बसलो. मी विचारलंच, त्या दिवशी काय झालेलं?

"फवारणीचा पंप भरून पाठीवर घेतलेला मी," तो म्हणाला. "फोन नेहमीच्या जागी ठेवला आणि बांधावर उभा राहिलो. माणूस उभा राहिला की बेडूक गप होतात. तेवढ्यात मावशींचं घर ऐकू आलं."

"घर?"

"मी रोज ऐकतो ना. त्यांना शेत ऐकू येतं, मला त्यांचं घर. घरात काय वाजतं ठाऊक आहे? घड्याळ. दुसरं काहीच नाही. ना माणूस, ना भांडं." त्याने टॉवेलने मान पुसली. "म्हटलं, हे बेडूक मारले तर त्या घरात संध्याकाळी काय राहील? पंप उतरवून ठेवला."

"आणि व्यापारी?"

"तो बाटली देतो. फोन करत नाही."

 काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आता कापणी झाली. शेत कोरडं, बेडूक गेले. आता सुटलास तू पुढच्या पावसापर्यंत."

"कुठला सुटतो! रोज लावतो फोन. सांगतो, मावशी, आज काही आवाज नाही." काशिनाथने उठून गोणीला हात घातला. "त्या म्हणतात, असू दे. लाइन सोडू नको."